सहाव्या मजल्यावरची केळ

सोमवारी सकाळी विल्फ्रेड क्रॅबट्री नेहमीप्रमाणे सहाव्या मजल्याच्या पॅसेजमध्ये वेताच्या खुर्चीत बसून घरांना ऊब पुरवणाऱ्या हीट कंपनीला फोन लावून होते, आणि अचानक फोनमधून माणूस बोलला.

"हॅलो," तो माणूस, म्हणजे ती मुलगी, म्हणाली.

क्रॅबट्रींच्या कपातला चहा बशीत सांडला. त्यांना फोन लावायची सवय होती, उत्तराची नव्हती. कित्येक वर्षं दर सोमवारी ते हा नंबर लावत. पलीकडून एक ध्वनिमुद्रित बाई सांगायची, की तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, आणि मग पियानोवर एक धून सुरू व्हायची. क्रॅबट्री फोन स्टुलावर ठेवून, स्पीकर चालू करून त्या धुनेला आपली तक्रार सांगत. धून शांतपणे ऐकून घेई, मध्ये बोलत नसे. आयुष्यभर पोस्टाच्या काउंटरमागे बसून त्यांनी लोकांच्या तक्रारी ऐकल्या होत्या. आता आपलं कुणीतरी ऐकतंय, एवढ्यावर ते खूश असत. मन मोकळं झालं की फोन बंद करून बिस्किट खात.

तक्रार साधी होती. थॉर्नबी गावातल्या त्या उंच इमारतीत, म्हणजे टॉवरमध्ये, कुणाच्याच घरी स्वतःचा बॉयलर नव्हता. तळघरात एकच अजस्र बॉयलर, आणि तिथून निघालेलं गरम पाणी पाइपांमधून घरोघरी फिरणार, अशी ती थोर कल्पना होती. पण सहाव्या मजल्यावर पाइपाचं आवरण कधीकाळी झडून गेलं होतं. त्यामुळे सगळी ऊब पॅसेजमध्येच सांडे, आणि रांगेतल्या शेवटच्या, म्हणजे क्रॅबट्रींच्या, घरी पोचेपर्यंत पाण्यात गरमपणाची नुसती आठवण उरे. जानेवारीत त्यांच्या घरी लोणी पावावर पसरत नसे आणि दाराबाहेर स्वेटर अंगावर ठेववत नसे. ही कंपनी नको, दुसरी घेतो म्हणावं, तर पाइप एकच आणि तोही त्याच कंपनीचा. म्हणून क्रॅबट्री हिवाळाभर दाराबाहेर राहत आणि झोपण्यापुरते घरात जात.

"हॅलो? मी जेड. तुम्हाला थांबावं लागलं, सॉरी हं."

क्रॅबट्रींनी फोनकडे निरखून पाहिलं. "तुम्ही... माणूस आहात?"

"हो."

"खरोखरचा?"

"हो हो. साडेपाचपर्यंत तरी."

"टेरी!" क्रॅबट्री पॅसेजभर ओरडले. "कम्फर्ट! मिसेस नटॉल! अहो बाहेर या! माणूस लागलाय!"

दारं धडाधड उघडली. बसचा ड्रायव्हर टेरी अर्ध्या गालावर साबण घेऊन आला. हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात काम करणारी घानाची कम्फर्ट अ‍ॅडू पिठाच्या हातांनीच आली. एनिड नटॉलबाई हातात झारी घेऊन आल्या. सगळे त्या स्टुलाभोवती वाकून उभे राहिले.

"मशिन असणार," टेरी कुजबुजला. "हल्ली मशिनंसुद्धा सॉरी म्हणतात."

इतक्यात फोनमधून एक शिंक आली. चांगली, ओली, माणसाची शिंक.

"देवा रे," कम्फर्ट म्हणाली आणि तिनं पिठाचा हात छातीवर ठेवला. "पापा, माणूसच आहे की हो!" क्रॅबट्रींना ती पापाच म्हणे.

जेडनं नाक पुसलं आणि सगळं समजावून सांगितलं. जानेवारीपासून नवा कायदा लागू झाला होता. वीजवाल्यांवर आणि गॅसवाल्यांवर असतो तसा नियामक आता हीट कंपन्यांच्याही डोक्यावर येऊन बसला होता. फोन उचलायचा, तक्रार लिहून घ्यायची, ठरल्या मुदतीत निवारण करायचं, आणि म्हाताऱ्या, आजारी, एकट्या माणसांची आधी विचारपूस करायची. नाही केलं तर कंपनीची धडगत नव्हती. क्रॅबट्री ऐकत राहिले. राजवाड्यातून पत्र मायन्यात आपलं नाव घेऊन यावं तसा त्यांचा चेहरा झाला होता.

"तुमचं वय काय, मिस्टर क्रॅबट्री? एकटे राहता? छातीचा काही त्रास?"

"थोडा आहे," क्रॅबट्री म्हणाले, आणि खुर्चीत पुढे सरकले. त्यांच्या छातीबद्दल कुणी विचारून जमाना झाला होता. मग ते थांबेचनात. घराची थंडी सांगितली, लोण्याचं सांगितलं, पॅसेजची भट्टी सांगितली, उघड्या पाइपाचं सांगितलं. दर सोमवारी धुनेला सांगून सांगून तक्रार अशी घोटली गेली होती, की ऐकताना टेरीच्यासुद्धा डोळ्यांत पाणी आलं. अर्थात, त्याच्या डोळ्यात साबणही गेला होता.

"म्हणजे तुमच्या घरात यायची ऊब पॅसेजमध्ये गळतेय," जेड म्हणाली. "आमचा माणूस गुरुवारी येईल आणि पाइप नीट गुंडाळून देईल. चालेल?"

"चालेल? पोरी, धावेल!"

फोन बंद झाला. कंपनीनं फोन उचलला होता. कंपनी सॉरी म्हणाली होती. आणि कंपनी गुरुवारी येणार होती. एवढं सगळं एका सकाळी पचवणं सोपं नव्हतं.

"पाइप गुंडाळणार," एनिडबाई हळूच म्हणाल्या. "म्हणजे पॅसेज गार होणार."

सगळ्यांच्या माना पॅसेजच्या टोकाला वळल्या.

तिथं, खिडकीशी, उघड्या पाइपाखाली, कपडे धुवायच्या जुन्या टबात केळ उभी होती. चांगली छताला डोकं टेकवून, पानं वाकवून उभी होती. एका पानानं 'पॅसेजमध्ये सामान ठेवू नये' ही व्यवस्थापनाची पाटी पुरती झाकून टाकली होती.

एनिडबाईंचा नवरा स्टॅन त्यांना मदीरा बेटावर नेणार होता. दरवर्षी 'पुढच्या वर्षी' म्हणायचा. एनिडबाई शाळेत पोरांना जेवण वाढायच्या आणि त्यांच्यापुढे मदीराचं वर्णन करायच्या. तिथं म्हणे बोटीतून उतरलं की रस्त्याच्या कडेला केळी लगडलेल्या असतात. मग स्टॅनच देवाघरी गेला, आणि एनिडबाईंचं सगळ्यात लांबचं परदेश म्हणजे जवळचं, समुद्रकाठचं स्कारबरोच राहिलं. त्याच वर्षी बाजारात एका गाड्यावर त्यांना एक मरतुकडं रोप दिसलं. एक दांडी, एक पान, तेही फाटलेलं. गाडेवाला फेकूनच देणार होता. एनिडबाईंनी ते उचलून आणलं आणि टॉवरमधल्या सगळ्यात उबदार जागी ठेवलं.

गेल्या शरदात त्या केळीला फूल आलं. जांभळं, जड, मुठीएवढं केळफूल एका सकाळी पानांतून बाहेर डोकावलं आणि मजल्यावरचा व्यवहार ठप्प झाला. टेरीनं बस खाली थांबवून आपल्या प्रवाशांना ते दाखवायला वर आणलं. कुणी उशिराबद्दल कुरकुरलं नाही. पोस्टमननं टोपी काढली. मग फुलाच्या पाकळ्या एकेक करत वर उचलल्या गेल्या आणि त्यांच्या आड केळ्यांच्या इवल्या इवल्या फण्या दिसल्या, तेव्हा एनिडबाई खाली टबाच्या काठावरच बसल्या. "मी नाही गेले तिकडे," त्या म्हणाल्या, "तर तेच आलं बघा." तेव्हापासून क्रॅबट्रींची खुर्ची आणि एनिडबाईंची खुर्ची रोज त्या केळीखाली असे. ते एनिडबाईंना 'मिसेस नटॉल' म्हणत, त्या त्यांना 'मिस्टर क्रॅबट्री' म्हणत, आणि दोघंही वर घडाकडे बघत चहा पीत.

फक्त कम्फर्टला सुरुवातीला हसू यायचं. "माझ्या बापाच्या घरी ही न्हाणीमागे उगवायची. कुणी ढुंकून बघायचं नाही." पण जानेवारीच्या बर्फावर नजर टाकून ती पुन्हा घडाकडे बघायची आणि गप्प व्हायची.

आता तिनं घडावरून हात फिरवला. केळी भरली होती, पण अजून गर्द हिरवी होती. "अजून थोडे आठवडे ऊब लागणार हिला. आत्ता गारवा लागला, तर घड काळा पडेल. संपलंच मग."

"काही हरकत नाही," एनिडबाई घाईघाईनं म्हणाल्या. "मिस्टर क्रॅबट्रींची छाती महत्त्वाची. झाडाचं काय एवढं." आणि झारीत पाणी नसताना त्या केळीला पाणी घालू लागल्या.

क्रॅबट्रींना ते बघवेना. त्यांनी फोन उचलला. "तक्रार मागे घेतो. त्यात काय मोठंसं!"

फोन दुसऱ्याच रिंगला उचलला गेला. तासाभरात दुसऱ्यांदा! टेरीला भिंतीचा आधार घ्यावा लागला.

"मिस्टर क्रॅबट्री? जेडच बोलतेय." शिंक. "सॉरी. काय झालं?"

"पोरी, माझी तक्रार रद्द कर. माझं काही म्हणणं नाही."

मग जेडचा आवाज खाली आला. "मिस्टर क्रॅबट्री, तुमच्या शेजारी आत्ता कुणी उभं आहे का? नुसतं हो किंवा नाही म्हणा."

"हो. मिसेस नटॉल आहेत."

"त्यांनी तुम्हाला फोन करायला लावला का?"

"छे छे! त्या तर नको म्हणत होत्या."

"त्यांच्या हातात काही आहे का?"

"झारी आहे."

जेडनं हे लिहून घेतल्याचा आवाज आला. "हे बघा, एकट्या वयस्कर ग्राहकानं अचानक तक्रार मागे घेतली, तर आम्हाला चौकशी करावी लागते. नियमच आहे. तुमच्यावर दबाव आहे का?"

"दबाव कसला? मला उबदार वाटतंय, एवढंच!"

हे बोलायला नको होतं. जेडनं श्वास आत घेतला. "उबदार वाटतंय? एकदम? मघाशी तर घरात तेरा डिग्री म्हणालात." आणि मग तिनं लहान मुलाशी बोलावं तसं हळू सांगितलं, "माणूस फार गारठला ना, की शेवटी शेवटी त्याला उबदार वाटायला लागतं. आम्हाला ट्रेनिंगमध्ये सांगितलंय. तुम्ही अंगावर काहीतरी घ्या आणि जागे राहा. गुरुवारची वाट बघत नाही, उद्या सकाळीच माणूस पाठवते."

"काय पण कायदा आहे," फोन बंद झाल्यावर टेरी भारावून म्हणाला. "सुटकाच नाही."

आता एकच उपाय होता. उद्या येणाऱ्या माणसाला क्रॅबट्रींचं घर उबदार दिसलं पाहिजे. घर उबदार, म्हणजे तक्रार खोटी. तक्रार खोटी, म्हणजे पाइपाला हात लावायचं कारण नाही. क्रॅबट्रींचं मन खोटेपणाला धजत नव्हतं, पण एनिडबाई अजूनही रिकामी झारी धरून होत्या, आणि त्यापुढे त्यांचं काही चाललं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खा मजला क्रॅबट्रींच्या घरात कामाला लागला. टेरीनं आपले दोन्ही विजेचे हीटर आणून लावले. कम्फर्टनं सगळ्यांकडच्या गरम पाण्याच्या पिशव्या पांघरुणात आणि गाद्यांखाली पेरल्या. एनिडबाई केटलमागून केटल उकळून बाथटब भरत होत्या, म्हणजे वाफेनं हवा धरून राहील. स्वतः क्रॅबट्री मधोमध उभे राहून थर्मामीटर वाचत होते. पंधरा. वीस. सव्वीस. इतक्या वर्षांत प्रथमच त्यांच्या खिडकीच्या काचेवर बाहेरून बर्फ वितळून ओघळत होतं.

"पुरे आता!" टेरी म्हणाला. "हीटर लपवा!"

आणि बेल वाजली. कंपनीचा माणूस सांगितलेल्या वेळेला आला होता! मंडळींनी घड्याळांकडे अविश्वासानं पाहिलं आणि मग पळापळ झाली. टेरीनं हीटर बाथरूममध्ये ढकलले. बंद करायला वेळ नव्हता. एनिडबाई केटल घेऊन आतच होत्या. बाथरूमचं दार बाहेरच्या दाराला लागून, त्यामुळे त्यांना निघताही येईना. टेरीनं दार लावून घेतलं. तो आणि कम्फर्ट सोफ्यावर, कुठल्याही मंगळवारी बसतात तसे, बसले.

ग्रॅहम पेल गेली कित्येक वर्षं पाइपांमध्ये वावरलेला गंभीर माणूस होता. तो आत आला आणि त्याच्या चष्म्यावर वाफ धरली. त्यानं चष्मा पुसला. पुन्हा वाफ धरली.

"थंडी वाजते अशी तक्रार होती ना?"

"गेली ती," क्रॅबट्री म्हणाले. त्यांच्या नाकाच्या शेंड्यावरून घाम टपकत होता. "आपोआप गेली."

ग्रॅहमनं थर्मामीटर पाहिला. मग खोली तापवणाऱ्या रेडिएटरपाशी गेला आणि त्यावर हात ठेवला. हात तसाच राहिला. रेडिएटर दगडासारखा गार होता. त्यानं स्वयंपाकघरातला रेडिएटर पाहिला. तोही गार.

"खोलीत एकतीस," तो स्वतःशीच म्हणाला, "आणि रेडिएटर मेलेला." त्याच्या आवाजात पहिल्यांदाच भीती आणि आदर यांचं मिश्रण आलं. "एवढ्या वर्षांत असं पाहिलं नाही. ही उष्णता येते कुठून?"

सगळ्यांनी छताकडे पाहिलं. ग्रॅहमनं खाली पाहिलं. बाथरूमच्या दाराखालून वाफेची एक जाड पट्टी सावकाश बाहेर येत होती.

"तिथं जाऊ नका!" क्रॅबट्री दारापुढे आडवे झाले.

"का?"

"आत कुणी नाही!"

आतून खोकला आला.

क्रॅबट्री कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाले. "मिसेस नटॉल आहेत," ते कसेबसे म्हणाले. "त्यांचा काही दोष नाही."

"आत माणूस आहे?" ग्रॅहमचा चेहरा पांढराफटक पडला. त्यानं खिशातून फोन काढला. "भिंतीतला मुख्य पाइप फुटलाय! आत वयस्कर बाई अडकल्यात! कंट्रोल, ऐका, मुख्य व्हॉल्व्ह बंद करा. हो, सगळ्या टॉवरचा! होय, आत्ता! ग्राहकाच्या जिवाला धोका आहे!"

तळघरात कुणीतरी कुठलं तरी चाक फिरवलं असावं. पॅसेजमधला पाइप, जो वर्षानुवर्षं रात्रंदिवस पोटात काहीतरी पुटपुटत असे, तो एकदम गप्प झाला. ती शांतता सगळ्या टॉवरनं ऐकली. खालच्या मजल्यावर कुणीतरी दार उघडून विचारलं, "काय झालं?"

त्याच क्षणी बाथरूमचं दार उघडलं आणि ढगातून एनिडबाई बाहेर आल्या. केस कपाळाला चिकटलेले, दोन्ही हातांत एकेक हीटर, दंडाला केटल अडकवलेली.

"पाइप फुटला नाही हो," त्या म्हणाल्या. "मीच होते."

ग्रॅहमनं हीटर पाहिले. टब पाहिला. मग सोफ्यावर बसलेल्या टेरीकडे पाहिलं. टेरीच्या बुडाखालून गरम पाण्याची पिशवी डोकावत होती. "तुम्ही लोकांनी," तो एकेक शब्द तोलून म्हणाला, "गार घर गरम असल्याचं सोंग केलंत? कंपनीला फसवून ऊब *नको* म्हणणारे लोक मी आजवर पाहिले नाहीत. का पण?"

क्रॅबट्रींनी मान खाली घातली. त्यांनी दार पूर्ण उघडलं आणि पॅसेजच्या टोकाकडे बोट दाखवलं.

ग्रॅहम त्याच पॅसेजमधून आला होता. पण पाइपवाल्या माणसाची नजर पाइपावरच असते. आता त्यानं प्रथमच नजर खाली आणली. तो चार पावलं चालत गेला आणि थांबला. बाहेर खिडकीवर बर्फ आपटत होतं, आणि आत त्याच्या डोक्यावर थॉर्नबी गावात उगवलेल्या केळ्यांचा भलामोठा घड लोंबत होता. ग्रॅहमनं टोपी काढली. हात वर नेला, मध्येच थांबवला, एनिडबाईंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवल्यावर त्यानं एका केळ्याला बोटाच्या टोकानं स्पर्श केला.

"वरच्या दिशेला वाकलेली असतात," तो पुटपुटला. "मला वाटायचं खाली लोंबतात."

"सगळ्यांनाच वाटतं," टेरी हळू आवाजात म्हणाला.

पाइपाचा गारठा आता पानांवर उतरू लागला होता. कम्फर्टनं आपली शाल काढून घडाला गुंडाळली. एनिडबाईंनी बुंध्याला दोन्ही हातांनी मिठी मारली. ग्रॅहमनं ते पाहिलं आणि झटक्यात फोन कानाला लावला. "कंट्रोल? चालू करा. सगळं चालू करा. नाही, फुटलं नाही. कारण? कारण नंतर सांगतो. सांगितलं तरी तुम्हाला पटायचं नाही."

पाइप पुन्हा पुटपुटू लागला. मजल्यानं सुटकेचा निःश्वास टाकला.

"पण पाइप मला गुंडाळावाच लागेल," ग्रॅहम ओशाळून म्हणाला. "ही तक्रार आता माझ्याही हातात नाही. मिस्टर क्रॅबट्रींचं घर खरंखुरं गरम झाल्याशिवाय ती बंद होणार नाही. तुमचा व्हॉल्व्हपण गंजून बसलाय. दोन्ही दुरुस्त केले, की टॉवरमधलं सगळ्यात उबदार घर तुमचं होईल."

मग क्रॅबट्री आपल्या बुटांकडे बघत म्हणाले, "माझी खिडकी दक्षिणेची आहे. ऊन असलं, तर तिथंच असतं." त्यांनी घसा साफ केला. "मिसेस नटॉल, केळ माझ्याकडे ठेवली तर... म्हणजे तुमची हरकत नसेल तर."

"आणि पाणी कोण घालणार तिला?"

"तुम्ही."

"तिला रोज लागतं हो."

"मग रोज."

कम्फर्टनं टेरीला कोपरानं ढोसलं. एनिडबाईंनी कपाळावरचे ओले केस मागे सारले आणि "बघू या" म्हणाल्या. त्या गावात एवढा होकार पुरतो.

केळ हलवणं हा एक स्वतंत्र सोहळा झाला. टेरी आणि ग्रॅहमनं टब उचलला, कम्फर्टनं घडाला तान्ह्या बाळासारखं कवेत धरलं, क्रॅबट्री पानं सांभाळत उलटे चालले, आणि एनिडबाई "हळू, हळू" म्हणत मागून आल्या. दाराची चौकट आडवी आली तेव्हा सगळी मिरवणूक केळीसकट वाकून आत गेली. मग ग्रॅहमनं पाइपाला जाड आवरण चढवलं, व्हॉल्व्ह खोलून साफ केला, आणि क्रॅबट्रींना हाक मारली. "हात ठेवा."

क्रॅबट्रींनी रेडिएटरवर हात ठेवला. आधी काहीच जाणवलं नाही. मग आत कुठंतरी पाणी खळखळलं, आणि ऊब वर येऊ लागली. तळघरातल्या आगीपासून निघून, मजल्यामागून मजला चढत, एवढ्या घरांना पुरून, ती शेवटी त्यांच्या तळहातापर्यंत पोचली. क्रॅबट्रींनी दुसराही हात ठेवला. हे इतकं सोपं होतं, आणि इतकी वर्षं झालं नव्हतं, याचं त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही.

पॅसेज गार पडला आणि मजल्याचा दिवाणखाना क्रॅबट्रींकडे हलला. टेरीचे शर्ट तिथं वाळू लागले, कम्फर्टचं पीठ तिथं फुगू लागलं. वेताच्या खुर्च्या दोन होत्या, त्या केळीखाली लागल्या. घड हळूहळू फिकट झाला, मग पोपटी, मग एका सोमवारी सकाळी पहिली फणी पिवळीधमक झालेली दिसली. ग्रॅहमला कळवलं, तर तो कामावरून परस्पर आला. एनिडबाईंनी ठेवणीतला ड्रेस घातला होता, आणि हातात सुरी होती.

तेवढ्यात फोन वाजला.

"मिस्टर क्रॅबट्री? जेड बोलतेय. तुमचं नाव आमच्या खास यादीत आहे, म्हणून विचारपूस करायला फोन केला. घर उबदार आहे का? काही तक्रार?"

"जेड, पोरी, जरा थांब हं," क्रॅबट्री म्हणाले. "तुझा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे." त्यांनी फोन स्टुलावर ठेवला, आणि टेरी सवयीनं कंपनीची ती धून गुणगुणू लागला.

एनिडबाईंनी फणीतलं पहिलं केळं कापलं, सोललं, आणि त्याचे एवढाले तुकडे करून सगळ्यांना दिले. आधी कुणी तोंडात घालेना. मग एनिडबाईंनी डोळे मिटून खाल्लं. बराच वेळ चावत राहिल्या.

"कसं आहे?" क्रॅबट्रींनी विचारलं.

"अगदी केळ्यासारखं लागतंय," एनिडबाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "विल्फ्रेड, अगदी खऱ्या केळ्यासारखं."

विल्फ्रेड! कम्फर्टनं टेरीच्या पोटात कोपर खुपसलं आणि धून मध्येच तुटली. क्रॅबट्रींनी तोंडातलं केळं घाईनं गिळलं. त्यांना फोनची आठवण झाली, ती या अडचणीतून सुटायला म्हणून झाली.

"जेड? आहेस का?"

"आहे ना," जेड म्हणाली. "छान वाटलं ऐकायला. मग, काही तक्रार?"

क्रॅबट्रींनी आठवून पाहिलं. घर उबदार होतं. केळी पिकली होती. शेजारच्या खुर्चीत एनिड होती. "नाही गं," ते नवलानं म्हणाले. "एकही उरली नाही." इतक्या वर्षांनंतर सोमवार असा मोकळा पाहून त्यांना थोडं चुकल्यासारखंही झालं.

पलीकडून जोरदार शिंक आली. पाठोपाठ आणखी एक.

"तुझी ही सर्दी पहिल्या दिवसापासून ऐकतोय मी," क्रॅबट्री म्हणाले. "जात कशी नाही?"

"काय सांगू, मिस्टर क्रॅबट्री." जेडनं आवाज खाली आणला. "आमच्या ऑफिसचं हीटिंग बंद आहे. कोट घालून फोन घेतो आम्ही. किती वेळा सांगितलं, कुणी ऐकूनच घेत नाही."

पोस्टाच्या काउंटरमागे बसायचे तसे क्रॅबट्री खुर्चीत ताठ झाले. बिस्किटाचा डबा त्यांनी जवळ ओढला.

"असं?" ते म्हणाले. "आता मला सांग, पोरी, आत्ता तुझ्या शेजारी कुणी उभं आहे का? नुसतं हो किंवा नाही म्हण."